‘माझ्याकडे साक्ष नाही’: डायलिसिसच्या दोन वर्षांत एका कुटुंबाचा विश्वास

हे प्रकरण पुण्यातल्या एका मराठी ख्रिस्ती मंडळीतलं आहे. कुटुंबाची परवानगी घेऊन लिहिलं आहे. नावं बदलली आहेत आणि ओळख पटेल असे काही तपशीलही. मी त्या मंडळीच्या भेटकार्य समितीत आहे. आजारी, शोकातले, एकटे पडलेले अशांच्या घरी आमची समिती जाते. हेच काम करणाऱ्या इतर मंडळ्यांना यातलं काही कामाला येईल, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

पार्श्वभूमी

प्रकाश सत्तेचाळीस वर्षांचा. भोसरीच्या एका लहान कारखान्यात सीएनसी मशीनवर ऑपरेटर, कंत्राटी. पत्नी शैला एका खाजगी नर्सिंग होममध्ये स्टाफ नर्स, बहुतेक रात्रपाळी. मुलगी बारावीला, मुलगा आठवीत, आणि प्रकाशची आई. येरवड्यात दोन खोल्यांचं घर.

घराणं मूळचं नगरकडचं. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ पासून ज्या भागात काम केलं, त्या भागातल्या एका खेड्यात प्रकाशच्या पणजोबांचा बाप्तिस्मा झाला. त्यामुळे या घरात विश्वास ही कुणी शोधून आणलेली गोष्ट नव्हती, ती वारशाने आलेली होती. ना. वा. टिळकांची पदं प्रकाशला आजीच्या तोंडून पाठ झालेली. रविवारच्या उपासनेत ढोलकी त्याची. नाताळच्या आधी घरोघरी फिरणाऱ्या कॅरल पार्टीत पहाटे तीन वाजताही ज्याच्या हाताचा ठेका हलत नाही, असा माणूस.

रक्तदाब अनेक वर्षांचा. गोळी ‘आता बरं वाटतंय’ म्हणून मध्येच बंद, मग डोकं दुखलं की पुन्हा चालू. पायांवर सूज आली, जिना चढताना धाप लागायला लागली, तपासण्या झाल्या तेव्हा दोन्ही मूत्रपिंडं जवळजवळ निकामी झालेली होती. डायलिसिस सुरू झालं: सोमवार, बुधवार, शुक्रवार, दर वेळी चार तास. सुरुवातीला मानेतल्या नळीतून, पुढे डाव्या हातावर फिस्टुला करून, म्हणजे शस्त्रक्रियेने रोहिणी आणि शीर जोडून. फिस्टुलाच्या हातावर रक्तदाब मोजायचा नाही, वजन उचलायचं नाही, मार बसू द्यायचा नाही. ढोलकीची डावी बाजू त्या दिवशी बंद झाली. हे मंडळीत कुणाच्या लक्षातच आलं नाही. दुसऱ्या एका मुलाने ढोलकी घेतली आणि उपासना चालू राहिली.

कंत्राटाचं नूतनीकरण झालं नाही. तीन दिवस गैरहजर राहणारा ऑपरेटर कोण ठेवणार?

अडचण कशी वाढत गेली

पहिले तीन-चार महिने मंडळी भरभरून आली. प्रार्थना सभा झाल्या, मध्यस्थीच्या, म्हणजे ज्यांच्यासाठी प्रार्थना करायची त्यांच्या, यादीत नाव लागलं. भेटीला येणारे रिकाम्या हाताने येत नव्हते: शहाळी, केळी, संत्री, चिकू. डायलिसिसच्या पेशंटला पोटॅशियम जपावं लागतं, आणि पोटॅशियम नेमकं याच गोष्टींत भरपूर. पाणीसुद्धा मोजून. शैलाने एक स्टीलची बाटली ठरवून दिली होती, दिवसभराचं चहा-ताक-आमटी धरून जेवढं चालेल तेवढ्याच मापाची. एप्रिलच्या उन्हात प्रकाश बर्फाचा खडा जिभेवर धरून बसलेला असायचा आणि समोर स्टुलावर पाच शहाळी. ती शहाळी मुलं प्यायची. कुणी कुणाला काही बोललं नाही.

मग दोन गोष्टी लागोपाठ घडल्या.

एक म्हणजे पैशाचं. कुणीतरी चांगल्या हेतूने रविवारच्या निवेदनांत नावानिशी मदतीचं आवाहन केलं. दाराशी पेटी ठेवली. मुलगी संडे स्कूलच्या लहान वर्गाला शिकवत होती, तिच्या वर्गातल्या एका पोराने पाच रुपयांचं नाणं थेट तिच्याच हातात दिलं. ती त्या दिवसापासून वर्ग घ्यायला आली नाही.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. एका नातेवाइकाच्या आग्रहावरून प्रकाश शहराबाहेरच्या एका मैदानातल्या तीन दिवसांच्या आरोग्यदान सभेला, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे होतात असं सांगणाऱ्या सभेला गेला, शुक्रवार ते रविवार. व्यासपीठावरून सांगितलं गेलं की मशीनवर भरवसा ठेवणारा प्रभूवर भरवसा ठेवू शकत नाही. शुक्रवारचं डायलिसिस चुकलं. बुधवारनंतर थेट सोमवार, म्हणजे पाच दिवसांचं अंतर. रविवारी रात्री त्याला आडवं होता येईना. छातीत पाणी भरल्यासारखा घरघर आवाज, ओठ काळसर. शैला ड्यूटीवर होती. मुलीने शेजाऱ्यांना उठवलं, रिक्षातून इमर्जन्सीत नेलं, मध्यरात्री डायलिसिस लागलं आणि पुढचे काही दिवस अतिदक्षता विभागात गेले. सभेच्या लोकांपैकी एकाने नंतर फोनवर सांगितलं, ‘‘शेवटच्या घटकेला शंका आली असेल, भाऊ.’’

यानंतर प्रकाश उपासनेला येईनासा झाला.

डॉक्टरांचा राग मानायचं कारण नव्हतं, त्यांनी वाचवलं होतं. सभावाल्यांचा राग होता, पण तो लवकर ओसरला. उरलं ते दुसरंच. घरी गेलेल्या पाळकसाहेबांना, म्हणजे आमच्या चर्चच्या धर्मगुरूंना, तो म्हणाला, ‘‘रविवारी साक्षीची वेळ येते ना, तेव्हा मला तिथं बसवत नाही. कुणाचा व्हिसा झाला, कुणाचं गाठीचं रिपोर्ट नॉर्मल आलं. माझ्याकडे साक्ष नाही.’’

मला वाटतं या सबंध प्रकरणाचं मर्म इथं आहे. साक्ष म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते उपासनेत उभं राहून सांगणं. पण आमच्याकडे साक्ष म्हणजे शेवट गोड झालेली गोष्ट, असंच रूढ झालं आहे. दुःख सांगायला हरकत नसते, पण ते संपलेलं असावं लागतं. ज्याचं संपलेलं नाही त्याने मागच्या बाकावर बसून इतरांसाठी ‘हालेलूया’ म्हणायचं. आठवड्यातून तीनदा मशीनला जोडला जाणारा माणूस ते किती महिने म्हणेल?

समोर असलेले पर्याय

पाळकसाहेबांनी वडील मंडळींतले, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या एल्डरांपैकी, दोघे आणि आम्ही समितीतले तिघे अशी बैठक बोलावली. नेहमीप्रमाणे पहिली सूचना साखळी प्रार्थनेची आली: चाळीस दिवस, रोज एका कुटुंबाने त्यांच्या घरी जायचं. सूचना करणाऱ्या बाईंचा जीव तुटत होता, त्यांना दोष नाही. पण चाळीस संध्याकाळी दोन खोल्यांच्या घरात चाळीस पाहुणे, त्यातल्या सतरा-अठरा संध्याकाळी डायलिसिस होऊन माणूस पिळून निघालेला, आणि रात्रपाळीला निघायची घाई असलेली बाई चहा टाकते आहे, हे डोळ्यासमोर आणलं तर साखळी कुणाच्या गळ्यात पडते ते कळतं. ती सूचना मागे पडली.

दुसरं मत: थोडे दिवस त्याला एकटं सोडावं. हे सुसंस्कृत वाटतं. पण इब्री लोकांस पत्राच्या दहाव्या अध्यायात एकत्र मिळणं न सोडण्याबद्दल जे लिहिलं आहे, ते येणाऱ्याला जसं लागू आहे तसं न येणाऱ्याकडे जाण्यालाही लागू आहे, असं एका वडिलांनी ठासून सांगितलं. शिवाय अतिदक्षता विभागातून आलेल्या, नोकरी गेलेल्या, गप्प झालेल्या माणसाला एकटं सोडणं धोक्याचंही असतं.

तिसरा पर्याय समजावणीचा. आरोग्यदानाबद्दल शास्त्रात खरं काय आहे ते पाळकसाहेबांनी त्याच्यापाशी बसून उलगडावं. मुद्दे हाताशी होते. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी पौल सहज लिहून जातो की त्रफिम आजारी होता म्हणून त्याला मिलेतात ठेवून आलो. ज्याच्या हातून माणसं बरी झाली त्या पौलाने आपला सोबती आजारीच मागे ठेवला, आणि त्रफिमाच्या विश्वासाबद्दल एक अक्षर काढलं नाही. हिज्कीया राजासाठी देवाने आयुष्याची पंधरा वर्षं वाढवली, तरी यशया संदेष्ट्याने गळवावर अंजिराचं पोटीस लावायला सांगितलंच. हे सगळं खरं आणि महत्त्वाचंही. पण त्या घडीला प्रकाशला मुद्दा पटत नव्हता असं नाही. तो थकला होता.

शेवटी पाळकसाहेबांनी बायबलमधल्या ‘पहिले राजे’ या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायाकडे बोट दाखवलं. एलीया संदेष्टा झुडपाखाली पडून मरण मागतो, तेव्हा दूत त्याला आधी भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खायला घालतो. प्रश्न विचारला जातो तो चाळीस दिवसांनंतर होरेब डोंगरावर. ‘‘आपण होरेबावरून सुरुवात करतोय,’’ ते म्हणाले. त्यावर कुणी वाद घातला नाही.

काय केलं

कागदपत्रं आधी. हे काम एका निवृत्त लिपिक काकांनी अंगावर घेतलं आणि माझ्या मते सगळ्यांत मोठा दिलासा त्यातूनच मिळाला. कुटुंबाकडे केशरी रेशनकार्ड होतं, पण प्रकाशचं नाव त्यावर एका अक्षराने चुकलेलं आणि आधारवर वेगळं. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. या योजनेखाली आता कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ म्हणून माणूस बसलेला असतो, त्याच्यापासून सुरुवात करायची हेही घरात कुणाला ठाऊक नव्हतं. शैला स्वतः नर्स, पण तिचं नर्सिंग होम योजनेत नव्हतं आणि रात्रपाळी करून दिवसा रांगेत उभं राहायला तिच्यात त्राण नव्हतं. काकांनी रेशन ऑफिसच्या फेऱ्या मारून नाव दुरुस्त करून घेतलं.

योजनेत न बसणाऱ्या तपासण्यांसाठी धर्मादाय रुग्णालयाचा रस्ता निघाला. राज्यातल्या धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तिथल्या वैद्यकीय समाजसेवकाला भेटायचं, उत्पन्नाचा दाखला न्यायचा. मंडळीतल्या किती जणांना हे माहीत आहे, असं नंतर एका सभेत विचारलं तेव्हा हात फारच थोडे वर गेले. आरोग्यासाठी प्रार्थना करणाऱ्या मंडळीला हे ठाऊक नसावं याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

योजनेत डायलिसिस बसलं तरी रिक्षा, काही इंजेक्शनं आणि बुडालेला पगार बसत नाही. त्यासाठी दाराशी पेटी न ठेवता सहा कुटुंबांनी महिन्याची ठराविक रक्कम ठरवली, ती थेट मुलीच्या कॉलेजला आणि वाण्याच्या खात्याला जायची. कोण किती देतं हे फक्त खजिनदाराला माहीत.

ने-आण. दर सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी एकाने दुपारी हॉस्पिटलच्या दाराशी जायचं, प्रकाशला घरी सोडायचं, वर न जाता परतायचं. प्रार्थना करायची असेल तर आपल्या घरी जाऊन करायची, असा नियमच केला. सुरुवातीला लोकांना हे विचित्र वाटलं. ‘‘निदान दारात उभं राहून दोन शब्द?’’ नाही. डायलिसिस झाल्यावर माणसाला फक्त पडायचं असतं. कधी पायात गोळे येतात, कधी रक्तदाब घसरतो. दोन शब्द ऐकायला उभं राहणं हेही त्याच्यासाठी काम असतं.

बुधवारची पाळी ज्यांच्याकडे होती ते काका क्रिकेटवेडे. त्यांनी महिनोन् महिने प्रकाशशी फक्त क्रिकेटवर गप्पा मारल्या. चौथ्या की पाचव्या महिन्यात विश्रांतवाडीच्या सिग्नलला प्रकाश आपण होऊन म्हणाला, ‘‘काका, दाविदाची ती स्तोत्रं असतात ना, शिव्या घातल्यासारखी, ती आपण उपासनेत का वाचत नाही?’’

साक्षीचा प्रश्न

काकांनी हा निरोप पाळकसाहेबांना पोचवला. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतल्या दीडशे स्तोत्रांपैकी एक तृतीयांशाच्या आसपास विलापाची आहेत. आमच्या उपासनेत त्यांतली दोन-तीनच येतात, तीही बहुधा शेवटच्या, उजेडाकडे वळलेल्या ओळींपुरती. पाळकसाहेबांनी प्रकाशला अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र दिलं. इतर विलापगीतं शेवटी वळण घेतात, ‘तरी मी तुझी स्तुती करीन’ म्हणतात. हे घेत नाही. ते अंधारातच संपतं. आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे, कुणी ते वगळलं नाही, कुणी त्याला शेपूट जोडलं नाही.

एकतीस डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत आमच्याकडे वर्षभराच्या साक्षी होतात. पाळकसाहेबांनी प्रकाशला विचारलं, साक्ष नको, पण हे स्तोत्र वाचशील का? तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला वाचतो, पण नंतर कुणी टाळ्या वाजवायच्या नाहीत.

त्या रात्री तो उभा राहिला, डावा हात शालीखाली जपून धरलेला. सगळं स्तोत्र वाचलं, पुस्तक मिटलं, बसला. सभागृहात कुणी ‘आमेन’ म्हणालं नाही, कारण कुठे म्हणायचं ते कळेना. मग पाळकसाहेब उठले आणि त्यांनी पाच-सात मिनिटं समजावून सांगितलं की वधस्तंभावर प्रभूनेही बाविसाव्या स्तोत्राचीच ओळ उच्चारली होती, म्हणून विलाप हाही विश्वासच. बोलले ते बरोबरच होतं, तरी माझ्या मते त्याची गरज नव्हती. स्तोत्र अंधारात संपत होतं ते तसं संपू द्यायला हवं होतं. पाळकसाहेबांना हे मान्य नाही. ते म्हणतात, सभागृहात त्या रात्री अशी तीन माणसं होती ज्यांना मी तसंच घरी पाठवायला धजलो नसतो. त्यांच्याकडे माझ्यापेक्षा जास्त माहिती होती, हेही खरं.

प्रतिक्रिया संमिश्र. एका ज्येष्ठ वडिलांनी जानेवारीच्या बैठकीत हरकत घेतली: नव्या वर्षाची सुरुवात निराशेने नको, तरुण पोरं काय शिकतील? त्याच आठवड्यात दोन बायका पाळकसाहेबांकडे स्वतंत्रपणे आल्या. एकीचं बाळ जन्मतःच गेलेलं, पंचवीस वर्षांपूर्वी. तिने ते चर्चमध्ये कधी उच्चारलं नव्हतं.

जे आम्हाला दिसलं नाही

प्रकाश सावरतो आहे असं वाटू लागलं. तो महिन्यातून एक-दोन रविवारी येऊ लागला. प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या, रविवारी प्याल्यातला घोटसुद्धा दिवसाच्या मापात धरायचा, आणि हे हसत सांगायचा. ढोलकी शिकणाऱ्या मुलांना तो हाताने नव्हे तर तोंडाने बोल म्हणून ठेका शिकवू लागला.

या सगळ्या काळात शैला एकदाही चुकली नाही. रात्रपाळी करून सकाळच्या उपासनेला यायची, गायनवृंदात उभी राहायची. आम्ही सगळे म्हणायचो, शैलावहिनींचा विश्वास म्हणजे खडक. आमच्या भेटकार्याच्या वहीत वर्षभरात प्रकाशच्या नावासमोर कितीतरी नोंदी आहेत, शैलाच्या नावाने एकही नाही.

मूत्रपिंड देण्यासाठी तिने स्वतःची तपासणी करून घेतली होती. तिला मधुमेह निघाला, दाता म्हणून ती बाद झाली. आईचं वय झालेलं, मुलगी लहान. मग रुग्णालयामार्फत पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या प्रतीक्षायादीत नाव नोंदवलं गेलं. यादीत वाट पाहणं किती वर्षांचं ते कुणी सांगू शकत नाही. घरी सासूबाई एकदा बोलून गेल्या, ‘‘एवढं गोड खायची सवय कशाला लावून घेतलीस?’’ शैलाने ते कुणालाच सांगितलं नाही.

महिला मंडळाच्या बायका तिला भेटल्या त्या धीर द्यायलाच. त्यांनी पंडिता रमाबाईंचं उदाहरण दिलं. रमाबाईंचे आईवडील आणि बहीण दुष्काळात गेले, मग भाऊ गेला, लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच १८८२ मध्ये पती पटकीने गेले. तरी त्यांनी १८८९ मध्ये शारदासदन काढलं, ते पुढच्या वर्षी पुण्यात आणलं, आणि नंतर केडगावला मुक्ती मिशन उभं केलं. ‘‘त्यांच्यापुढे आपलं काय, शैला?’’ शैला ‘हो ना’ म्हणाली. हे तिने मला बऱ्याच नंतर सांगितलं तेव्हा तिचा आवाज चढला होता: ‘‘रमाबाईंच्या पुढं माझं काही नाही, हे मला माहीतच आहे. म्हणजे मी रडायचं पण नाही?’’

तिचं कोसळणं गाजावाजा न करता झालं. पाळकसाहेबांच्या पत्नी एका दुपारी डबा परत द्यायला गेल्या. शैला ओट्याशी भाजी निवडत होती. ‘‘कशी आहेस?’’ एवढं विचारल्यावर ती भाजीवरून नजर न उचलता म्हणाली, ‘‘मॅडम, मी गाते, प्रार्थना करते, सगळं सवयीनं करते. आत काहीच नाहीये. कधीपासून नाहीये तेपण आठवत नाही. रात्री वॉर्डात इंजेक्शनची ट्रे घेऊन उभी असते ना, तेव्हा वाटतं आपण एकदाचं संपलो तर बरं.’’

मॅडमनी शास्त्रवचन काढलं नाही. त्यांनी थेट विचारलं, जीवाचं काही बरंवाईट करायचा विचार येतो का, आणि कधी येतो. मग त्याच दुपारी तिच्यासमोर १४४१६ वर फोन लावला, ही मानसिक आरोग्यासाठीची ‘टेलिमानस’ची मोफत हेल्पलाइन आहे आणि मराठीत बोलता येतं. तीन दिवसांत मानसोपचारतज्ज्ञांची वेळ मिळाली. औषध सुरू झालं, समुपदेशन सुरू झालं. नर्सिंग होमच्या मेट्रनशी बोलून पाळी दिवसाची करून घेतली. गायनवृंदातून तिने सुट्टी मागितली. ‘‘लोक काय म्हणतील’’ हा प्रश्न तिचाच होता, मॅडम म्हणाल्या, ‘‘मी सांगीन घसा बसलाय.’’ पाळकाच्या बायकोने थाप मारावी का, यावर आमच्यात नंतर चर्चा झाली. माझी काही तक्रार नाही.

आताची स्थिती

प्रकाश अजून डायलिसिसवर आहे, यादीतलं नाव अजून यादीत आहे. एका ओळखीच्या दुकानात तो मंगळवार, गुरुवार, शनिवार बिलं करतो. उपासनेत मोठ्याने प्रार्थना करत नाही. जेवणाआधीची प्रार्थना घरी मुलगी म्हणते. ती संडे स्कूलला परतली नाही, तिला आम्ही दोनदा विचारलं आणि मग विचारणं थांबवलं.

शैलाला औषधाने झोप लागते, वजन थोडं भरलं. तीन महिन्यांनी ती गायनवृंदात आली, पण आता दर रविवारी नाही. मध्यंतरी ती दौंडकडे जाणाऱ्या लोकलने मुलाला घेऊन केडगावला जाऊन आली, कुणी सांगितलं म्हणून नव्हे. परत आल्यावर तिने मॅडमना एवढंच विचारलं, की रमाबाईंची मुलगी मनोरमा १९२१ मध्ये गेली आणि रमाबाई १९२२ च्या एप्रिलमध्ये, तर त्या मधल्या महिन्यांत बाई काय म्हणत असतील देवाला? महिला मंडळात रमाबाईंच्या कामांची यादी सगळ्यांना पाठ आहे, हा प्रश्न मात्र तिथं याआधी कुणी काढला नव्हता. विश्वास आहे का, असं तिला विचारलं तर ती म्हणते, आज आहे, काल नव्हता.

वेगळं काय करता आलं असतं

निवेदनात नाव घेऊन मदत मागणं टाळायला हवं होतं, यावर आता एकमत आहे. आजाऱ्याला आणि त्याच्या मुलांना विचारल्याशिवाय व्यासपीठावरून काही जाहीर करायचं नाही, असा ठराव झाला.

आरोग्यदान सभेचं प्रकरण आधी हाताळता आलं असतं. प्रकाश तिथं जाणार आहे हे निदान दोघांना आधीपासून माहीत होतं. त्यांना वाटलं, प्रार्थनेला जातोय, अडवायचं कसं? अडवायचं नव्हतंच. ‘शुक्रवारचं डायलिसिस करून संध्याकाळी जा’ एवढं म्हणायचं होतं. डायलिसिस, इन्सुलिन, मिरगीची गोळी, क्षयाचं औषध, मानसिक आजाराचं औषध: यांपैकी काही घेणाऱ्या माणसाला कुठल्याही सभेआधी हे वाक्य स्पष्ट ऐकवायचं, हे काम आता समितीचं आहे. पाळकसाहेब वर्षातून दोनदा व्यासपीठावरूनही सांगतात.

भेटीला जाण्याआधी घरी फोन करून तीन गोष्टी विचारायच्या: कधी येऊ, काय चालतं, आणि काय नको. शहाळ्यांचा प्रश्न एवढ्यानेच मिटला असता.

सगळ्यांत मोठी चूक समितीच्या पद्धतीतच होती. आमची वही आजाऱ्याच्या नावाने उघडते. सांभाळणाऱ्याचं पान त्यात नव्हतंच. प्रकाश रागावला होता, येत नव्हता, म्हणून तो दिसला. शैला येत होती, गात होती, म्हणून दिसली नाही. प्रकाश देवावर चिडला तेव्हाही त्याला बोलायला कुणीतरी समोर होतं. शैलाचं बोलणंच थांबलं होतं आणि धोका तिथं जास्त होता. आता प्रत्येक घरासाठी दोन पानं आहेत. सांभाळणाऱ्याला भेटायला जाणारी व्यक्ती वेगळी असते आणि ती भेट आजाऱ्याच्या खोलीत होत नाही. हे करायला माणसं दुप्पट लागतात आणि ती आमच्याकडे नाहीत. त्यामुळे सध्या तीनच घरांत हे चालू आहे, बाकीच्या घरांत जुनीच पद्धत आहे.

साक्षीचा मुद्दा सुटलेला नाही. गेल्या लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, बुधवारच्या उपासनेत फक्त विलापाची स्तोत्रं वाचली, निवेदनं नाहीत, साक्षी नाहीत. उपस्थिती नेहमीच्या बुधवारपेक्षा कमी होती, पण एरवी बुधवारी न येणारी काही माणसं त्यात होती. हरकत घेणारे वडील एकदा आले आणि शेवटपर्यंत बसले. पुढच्या लेंटमध्ये हे चालू ठेवायचं की नाही, हा विषय येत्या कमिटीच्या बैठकीत आहे. त्या वडिलांचं मत अजून विरोधातच आहे.